भाताचें मूळ आणि मातींतील विष

जपानमधील होन्शू बेटाच्या पश्चिम किनाऱ्यास तोयामा नांवाचा प्रांत आहे. डोंगरांतून उतरणारी जिन्झू नदी त्या प्रांताच्या सपाटीवर येते, तेथें तिचें पाणी पाटांनीं भातखाचरांत वळविलें जातें, आणि उरलेली नदी समुद्रास मिळते. नदीच्या वरच्या अंगास कामिओका येथें जस्ताची व शिशाची जुनी खाण होती. जस्त जेथें असेल तेथें कॅडमियम हा धातु थोडाफार सोबतीस असतोच. १८१७ सालीं स्ट्रोमायर या जर्मन रसायनशास्त्रज्ञास त्याचा शोध लागला, तोहि जस्ताच्याच एका संयुगांत. कामिओकाचा खाणवाला जस्त काढून घेई. चुऱ्याबरोबर व सांडपाण्याबरोबर कॅडमियम नदींत जाई. विसाव्या शतकाचीं पहिलीं कित्येक दशकें हें असेंच चाललें होतें.

खालच्या गांवांत एक विचित्र दुखणें दिसूं लागलें. तें विशेषेंकरून उतारवयांतील, पुष्कळ बाळंतपणें झालेल्या बायकांना जडे. कमरेपासून कळा सुरू होत, चालणें बदकासारखें होई, आणि पुढें हाडें इतकीं ठिसूळ बनत कीं नुसत्या खोकल्याच्या उबळीनें बरगडी मोडावी. अंथरुणास खिळलेल्या त्या बायका 'इताई, इताई' म्हणून विव्हळत. 'दुखतें ग, दुखतें' एवढाच त्याचा अर्थ, आणि तेंच त्या रोगाचें नांव होऊन बसलें. त्या भागांतील डॉक्टर नोबोरु हागिनो यांनीं १९५५ सालीं हा रोग वैद्यकीय जगापुढें मांडला. त्याचें मूळ कॅडमियमच्या विषांत आहे हें जपान सरकारनें अधिकृतपणें मान्य केलें तें १९६८ च्या मे महिन्यांत. कॅडमियम मूत्रपिंडांत सांठतें, तेथील नलिका बिघडवितें, आणि मग शरीरांतील स्फुरद व चुना लघवीवाटे वाहून जाऊं लागतो. एकदां शरीरांत शिरलेलें कॅडमियम निम्मे होण्यास दहा ते तीस वर्षें लागतात. म्हणजे आज ताटांत आलेला कण नातवंडांच्या लग्नापर्यंत यजमानाची सोबत सोडीत नाहीं.

आतां नदीचें पाणी लोक पीत होते हें खरें. परंतु विषाचा मोठा वाटा आला तो भातांतून. गाळांतलें कॅडमियम पाटानें खाचरांत आलें, खाचरांतून मुळांत गेलें, मुळांतून लोंबींत आणि लोंबींतून घरोघरच्या भांड्यांत. या सगळ्या प्रवासांत विस्मयाची जागा एकच आहे. कॅडमियमचा भाताला कांडीमात्र उपयोग नाहीं. उलट तें त्यालाहि अपायकारकच आहे. मग मूळ तें आंत घेतें कां?

याचें उत्तर शोधावयाचें तर मूळ हें काय आहे तें नीट समजून घेतलें पाहिजे. मूळ म्हणजे मातींत बुडविलेली वात, आणि तिच्यातून पाणी आपोआप वर चढतें, अशी एक समजूत आहे. ती खोटी आहे. मुळाच्या टोकाजवळ अतिशय बारीक केस असतात. ते मातीच्या कणाकणांमध्यें शिरून बसतात. ह्या केसांच्या आणि त्यांच्या आंतील पेशींच्या भोंवतीं चरबीसारख्या द्रव्याचें अत्यंत पातळ पटल असतें. पाण्यांत विरघळलेले धातूंचे कण विद्युद्भारित असल्यामुळें हें पटल त्यांना ओलांडतां येत नाहीं. शिवाय आणखी आंत गेल्यावर पेशींचा एक कडेकोट थर लागतो. त्यांतील प्रत्येक पेशीच्या भोंवतीं मेणचट द्रव्याची पट्टी असते, विटांच्या सांध्यांत सिमेंट भरावें तशी. रॉबर्ट कॅस्परी या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नांवावरून तिला कॅस्परीची पट्टी म्हणतात. या पट्टीमुळें पेशींच्या फटींतून चोरवाटेनें आंत जाणें बंद होतें. जें कांहीं मुळाच्या गाभ्यापर्यंत जावयाचें, तें पेशीच्या आंतून, म्हणजे दारांतूनच गेलें पाहिजे. भाताच्या मुळाला तर अशा तटबंद्या दोन आहेत: एक बाहेरच्या त्वचेच्या लगेच आंत आणि दुसरी गाभ्याला लागून. दोहोंच्या मध्यें हवेच्या पोकळ्या असतात, कारण भाताला चिखलांत उभें राहून मुळापर्यंत प्राणवायु पोंचवावा लागतो.

हीं दारें प्रथिनांचीं बनलेलीं असतात. प्रत्येक दार एखाददुसऱ्या द्रव्यासाठीं घडविलेलें असतें: कोणी पालाशासाठीं, कोणी जस्तासाठीं, कोणी स्फुरदासाठीं. पेशी आपल्या आंतील बाजू विजेच्या दृष्टीनें ऋण ठेवते, बाहेरच्यापेक्षां एकदशांश व्होल्टहून अधिक ऋण. त्यामुळें दार उघडतांच धनभारित धातूचे कण आपोआप आंत ओढले जातात. ही सर्व योजना फार चोख आहे. पण तिच्यांत एक उणीव राहून गेली आहे. दार हें चेहरा पाहून आंत सोडीत नाहीं, तें अंगाचें माप व भार पाहून सोडतें. कॅडमियमचा कण जस्त, लोह व मँगेनीज यांच्या कणांप्रमाणेंच दोन धनभार वाहतो आणि मापानेंहि त्यांच्यांत खपून जातो. ज्या काळांत वनस्पतींचीं हीं दारें घडलीं त्या काळांत मातींत कॅडमियम एवढें अल्प होतें कीं त्याच्यासाठीं वेगळा पहारेकरी ठेवण्याची गरजच पडली नसावी. खाणींनीं तें पोटांतून उकरून वर आणलें.

भाताच्या बाबतींत हें दार नेमकें कोणतें याचा निकाल २०१२ सालीं लागला. तें मँगेनीजचें दार आहे, आणि शास्त्रज्ञांनीं त्याला 'एन्-रॅम्प पांच' असें रुक्ष नांव दिलें आहे. वर सांगितलेल्या दोनहि तटबंद्यांच्या पेशींत तें बाहेरच्या अंगास बसविलेलें असतें. भाताला मँगेनीज पुष्कळ लागतें, म्हणून हें दार रुंद आहे आणि नेहमीं उघडें असतें. त्याच दारानें कॅडमियम आंत येतें.

आंत आलेल्या पाहुण्याचें पुढें काय होतें हें अधिकच मनोरंजक आहे. पेशीला हा पाहुणा उशिरां कां होईना, पण ओळखू येतो. कॅडमियमला गंधकाची भारी ओढ. आणि पेशींत ग्लुटाथायोन नांवाचें एक गंधकयुक्त द्रव्य नेहमींच तयार असतें. विषारी धातु आंत शिरला कीं पेशी या ग्लुटाथायोनचे तुकडे एकापुढें एक जोडून लहान लहान सांखळ्या बनविते आणि धातूला त्यांत जखडून टाकते. ह्या सांखळ्यांचा शोध म्युनिक येथील ग्रिल, विनाकर व झेंक या तिघांना १९८५ सालीं लागला. त्यांना 'फायटोकिलेटिन' म्हणतात. 'किलेट' हा शब्द खेंकड्याच्या नांगीसाठीं असलेल्या ग्रीक शब्दावरून आलेला आहे, आणि तो समर्पक आहे. जखडलेला धातु मग पेशींतील रिक्तिकेंत नेऊन कोंडला जातो. रिक्तिका म्हणजे पेशींतील पाण्याची मोठी पिशवी. वनस्पतीची ती अडगळीची खोलीहि आहे आणि तुरुंगहि.

कोंडण्याचें काम सर्व जातींच्या भातांत सारखेंच नीट होतें असें मात्र नाहीं. मुळाच्या रिक्तिकेच्या पटलांत कॅडमियम आंत ढकलणारा एक पंप असतो. २०१० सालीं जपानी संशोधकांनीं 'निप्पोनबारे' हें जपानी भात आणि 'अंजना धान' नांवाचें इंडिका जातीचें भात यांचा संकर करून त्या पंपाचा माग काढला. ('धान' हा शब्द भंडारा-गोंदियाच्या शेतकऱ्याला परका वाटणार नाहीं.) निप्पोनबारेचा पंप चालू होता, अंजना धानाचा बंद पडलेला होता, आणि तोहि प्रथिनाच्या लांबलचक माळेंतला अवघा एक मणी बदलल्यामुळें. तेवढ्यानें तुरुंगाचें दार लागेनासें झालें. मुळांत अडकून पडावयाचें कॅडमियम जलवाहिन्यांतून थेट वर निघून जाऊं लागलें. एकाच खाचरांत, एकाच पाण्यावर वाढलेल्या दोन भातांपैकीं एकाच्या दाण्यांत विष अधिक कां भरतें, याचें एक कारण असें हातीं आलें.

वर गेलेलें कॅडमियम दाण्यांत शिरतें तें खोडाच्या पेरांपाशीं. पेर हें भाताचें जंक्शन आहे: मुळाकडून आलेली गाडी येथें थांबते, आणि माल रसवाहिन्यांच्या गाडींत चढवून लोंबीकडे रवाना होतो. दाणा भरूं लागला कीं हा सर्व माल त्याच्याकडे वळतो. म्हणून निसवण्याच्या आधींच्या आणि नंतरच्या आठवड्यांत मुळाशीं काय चाललें आहे याला सर्वाधिक महत्त्व असतें.

आणि मुळाशीं काय चालावें हें पुष्कळसें शेतकऱ्याच्या हातीं असतें, कारण तें पाण्यावर अवलंबून आहे. खाचरांत पाणी बांधून ठेवलें म्हणजे मातींत हवा जावयाची थांबते. मातींतील जंतु मात्र श्वास घेण्याचें थांबवीत नाहींत. असलेला प्राणवायु संपला कीं ते नत्राच्या संयुगांतला प्राणवायु वापरतात, मग मँगेनीजच्या व लोहाच्या गंजांतला, आणि शेवटीं गंधकाच्या क्षारांतला. या शेवटच्या पायरीवर मातींत सल्फाइड तयार होतें. सडक्या अंड्याचा जो वास चिखलांतून येतो तो त्याचाच. सल्फाइड आणि कॅडमियम यांची गांठ पडली कीं पाण्यांत न विरघळणारें कॅडमियम सल्फाइड बनतें. (चित्रकारांच्या पेटींतला पिवळाधमक 'कॅडमियम येलो' तो हाच.) जें विरघळत नाहीं तें मुळाला घेतां येत नाहीं. थोडक्यांत, खाचरांत पाणी उभें आहे तोंवर कॅडमियम मातींत बेडी घालून बसलेलें असतें. पण कापणीपूर्वीं जमीन वाळावी म्हणून शेतकरी बांध फोडून पाणी काढून देतो. हवा आंत शिरते, सल्फाइड मोडतें, आणि कॅडमियम पुन्हां सुटें होतें, नेमक्या दाणा भरण्याच्या वेळीं. जपानमध्यें म्हणूनच दूषित भागांतील शेतकऱ्यांना असा सल्ला देण्यांत आला कीं लोंबी निसवण्याच्या आधीं तीन आठवडे आणि नंतर तीन आठवडे खाचरांतलें पाणी हलूं देऊं नये. या साध्या उपायानें दाण्यांतलें कॅडमियम पुष्कळ घटतें.

येथवर ऐकून कोणालाहि वाटेल कीं प्रश्न सुटला. पण जमिनींत विष एकच असतें असें नाहीं.

गंगेच्या मुखाकडे, पश्चिम बंगाल व बांगलादेश येथें, १९७० च्या सुमारापासून लाखों नलिकाकूप खणले गेले. तळ्यांच्या घाण पाण्यानें होणारी हगवण व पटकी टळावी हा त्यांतला हेतु चांगलाच होता. परंतु हिमालयांतून वाहून आलेल्या त्या गाळांत सोमल आहे, आणि तो त्या पाण्यांत उतरलेला होता. कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिन या संस्थेंतील डॉक्टर के. सी. साहा यांनीं १९८३ च्या सुमारास त्वचेवर काळे-पांढरे ठिपके व तळहातांवर घट्टे पडलेल्या रोग्यांत सोमलाची बाधा ओळखली. पुढें उन्हाळी, म्हणजे बोरो भाताचें पीक याच पाण्यावर वाढूं लागलें, तेव्हां विष पिण्याच्या पाण्याबरोबर अन्नांतूनहि येऊं लागलें. काटेकोरपणें पाहतां सोमल, म्हणजे आर्सेनिक, हा पुरा धातु नव्हे. धातु व अधातु यांच्या सीमेवरचें तें मूलद्रव्य आहे. पण विषांच्या पंक्तींत त्याला जड धातूंच्या शेजारींच पाट मांडण्याची रूढि आहे.

सोमलाची वागणूक कॅडमियमच्या नेमकी उलट आहे. कोरड्या, हवेशीर मातींत तो लोहाच्या गंजाला घट्ट चिकटून राहतो. खाचर भरलें, जंतूंनीं गंजांतला प्राणवायु खाल्ला, कीं गंज विरघळतो आणि त्याच्यावर बसलेला सोमल पाण्यांत मोकळा होतो. शिवाय त्याचें रूपहि बदलतें. हवेशीर मातींत तो आर्सेनेट असतो, चिखलांत आर्सेनाइट होतो. हीं दोन रूपें दोन निरनिराळ्या दारांनीं मुळांत शिरतात. आर्सेनेटचें सोंग स्फुरदाचें. तें स्फुरदाच्या दारानें येतें. आर्सेनाइटचें सोंग सिलिकॉनचें.

भाताला सिलिकॉन, म्हणजे वाळूचें मूलद्रव्य, हव्यासानें लागतें. त्याच्या पानांची धार आणि तुसाचा खरखरीतपणा त्यामुळेंच असतो. तुसाच्या राखुंडीनें दांत लख्ख घासले जातात तेहि त्यामुळेंच. वाळलेल्या पेंढ्याच्या वजनांत सिलिका दशांशापर्यंत असूं शकते. एवढा माल आंत घेण्यासाठीं भाताच्या मुळांत दोन दारें समोरासमोर बसविलेलीं आहेत: तटबंदीच्या पेशीच्या बाहेरच्या अंगास एक, त्यांतून सिलिकॉन पेशींत येतें, आणि आंतल्या अंगास दुसरें, त्यांतून तें गाभ्याकडे जातें. ओकायामा विद्यापीठांतील जिआन फेंग मा व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००६ व २००७ सालीं हीं दारें शोधून काढलीं, आणि लगेच २००८ सालीं असें दिसून आलें कीं आर्सेनाइट याच दोन दारांनीं सुखेनैव आंत जातें. गहू किंवा जव यांच्यापेक्षां तांदुळांत सोमल अधिक कां, याचें उत्तर असें दुहेरी आहे. भात चिखलांत वाढतें, आणि त्याचें सिलिकॉनचें दार मोठें आहे.

तरी मूळ अगदींच निराधार नाहीं. ज्यांनीं भाताचें रोप उपटून धुऊन पाहिलें असेल त्यांच्या ध्यानांत असेल कीं मुळांवर विटकरी रंगाचा लेप बसलेला असतो. पोकळ्यांतून खालीं आलेल्या प्राणवायूपैकीं कांहीं मुळांतून बाहेर झिरपतो, सभोंवतालच्या चिखलांतल्या लोहाला गंज चढवितो, आणि तो गंज मुळाभोंवतीं कोटासारखा बसतो. सोमलाचा पुष्कळ भाग या कोटावरच अडकून राहतो. जो तरीहि आंत येतो त्याचें मूळ काय करतें? आर्सेनेट आंत आलें असेल तर तें त्याचें आर्सेनाइट करतें. ही गोष्ट प्रथमदर्शनीं वेडेपणाची वाटते, कारण आर्सेनाइट हें दोहोंत अधिक जहाल. पण त्यांत एक हिशेब आहे. आर्सेनेट स्फुरदाचें सोंग घेऊन पेशीच्या साऱ्या शक्तिव्यवहारांत घुसतें, आणि त्याला वेगळें काढणें कठीण. आर्सेनाइट झालें कीं सोंग उतरतें. मग त्याला गंधकाच्या सांखळीनें बांधून रिक्तिकेंत टाकतां येतें, किंवा मुळांतून परत मातींत ढकलून देतां येतें. हें रूपांतर करणारें प्रथिन २०१४ सालीं दोन संशोधक-मंडळांनीं मोहरीच्या कुळांतील एका लहानशा रोपांत स्वतंत्रपणें शोधून काढलें. तें प्रथिन नाहींसें केलें तर सोमल बाहेर टाकला जात नाहीं आणि पानांकडे बेसुमार जाऊं लागतो.

'रूपांतर' हा शब्द येथें जपून घेतला पाहिजे. मूळ हें किमयागार नव्हे. एका मूलद्रव्याचें दुसरें करणें त्याला जमत नाहीं, आणि कॅडमियमचा एक कणहि तें नष्ट करूं शकत नाहीं. बदलतो तो मूलद्रव्याचा भार आणि त्याची सोबत. पण विषाची सारी जहाली पुष्कळदां या सोबतींतच असते. याचें नामी उदाहरण क्रोमियमचें आहे. कातडें कमावण्याच्या व धातूंवर मुलामा चढविण्याच्या धंद्यांतून तें पाण्यांत येतें. सहा भार असलेलें क्रोमियम कर्करोगास कारण होतें. तीन भार असलेलें तितकें अपायकारक नाहीं, आणि तें सहज हलतहि नाहीं. १९९८ सालीं अमेरिकेंत जलपर्णीला सहाभारी क्रोमियमच्या पाण्यांत वाढवून क्ष-किरणांनीं तिच्या ऊती तपासल्या, तेव्हां असें आढळलें कीं तिच्या बारीक उपमुळांनीं त्याचें तीनभारी क्रोमियम करून टाकलें होतें. मुळेच्या, पवनेच्या आणि इंद्रायणीच्या कांठचे लोक या वनस्पतीला शिव्याशाप देतात, आणि त्यांत कांहीं चूक नाहीं. पण तिच्या अंगीं हाहि एक गुण आहे. अर्थात् तो गुण पदरांत पाडून घ्यावयाचा तर ती वेळेवर पाण्याबाहेर काढली पाहिजे. कुजूं दिली तर घेतलेलें सारें ती परत करते.

कांहीं थोड्या वनस्पति तर विष मुळांत अडविण्याच्या भानगडींतच पडत नाहींत. त्या तें हौसेनें वर चढवितात. १९४८ सालीं मिंगुत्सी आणि व्हेर्ग्नानो यांनीं इटलींतील टस्कनींत एका पिवळ्या फुलांच्या झुडुपाच्या वाळल्या पानांत शेंकडा एकाच्या जवळपास निकेल असल्याचें नोंदविलें. न्यू कॅलेडोनिया बेटावरील एका वृक्षाचा चीक निळसर-हिरवा निघतो. १९७६ सालीं त्याची तपासणी झाली तेव्हां वाळल्या चिकाचा चौथा हिस्सा निकेल निघालें. २००१ सालीं फ्लॉरिडांत, लांकूड टिकाऊ करण्याच्या रसायनांनीं दूषित झालेल्या जागीं, एका नेच्याच्या पानांत वाळल्या वजनाच्या शेंकडा दोनहून अधिक सोमल मिळाला. 'टेरिस व्हिट्टाटा' हें त्या नेच्याचें नांव. महाराष्ट्रांत जुन्या विहिरींच्या कठड्यांवर, पडक्या भिंतींच्या चुन्यांत तो सर्रास उगवतो, आणि कोणी त्याच्याकडे ढुंकूनहि पाहत नाहीं. पाला कीड खाऊं नये म्हणून या वनस्पति विष सांठवितात असा एक तर्क आहे, आणि कांहीं प्रयोग त्याला अनुकूल आहेत.

भाताकडे परत आलें म्हणजे शेतकऱ्यापुढील पेंच स्पष्ट होतो. पाणी उभें ठेवलें तर कॅडमियम दबतें आणि सोमल सुटतो; पाणी काढलें तर सोमल दबतो आणि कॅडमियम सुटतें. ज्या मातींत दोहोंपैकीं एकच विष आहे तेथें निर्णय सोपा. दोनहि असतील तर पाण्याच्या फळीनें दोघांनाहि एकाच वेळीं आवरणें दुष्कर आहे. यांत मापेंहि किती सूक्ष्म आहेत तें पाहावें. आंतरराष्ट्रीय अन्नमानें ठरविणाऱ्या कोडेक्स मंडळाची सडलेल्या तांदुळाची मर्यादा कॅडमियमला किलोमागें ०.४ मिलिग्रॅम आणि असेंद्रिय सोमलाला ०.२ मिलिग्रॅम आहे. पांच हजार किलो तांदुळांत जेमतेम एक ग्रॅम सोमल, एवढ्यावर सारा खेळ.

स्वयंपाकघरांत यांतला थोडा भाग सुटतो. भात भरपूर स्वच्छ पाण्यांत शिजवून वरचें पाणी वेळून टाकलें तर सोमलाचा बराचसा अंश त्या पाण्याबरोबर जातो. कोंकणांत भात वेळण्याची चाल जुनीच आहे. मात्र जेथें तांदूळ सोमलयुक्त आहे तेथें ती पेज पिऊन उपयोगी नाहीं, आणि पाणीच दूषित असेल तर वेळण्यानें कांहीं साधत नाहीं. कॅडमियम दाण्यांतल्या प्रथिनांना धरून असतें. तें असें सहज निघत नाहीं.

म्हणून मुख्य उपाय शेतांतच करावा लागतो. जिन्झूच्या खोऱ्यांत तो फावड्यानें केला गेला. १९७९ पासून २०१२ पर्यंत आठशेंहून अधिक हेक्टर खाचरांतली दूषित माती खालीं गाडून वर स्वच्छ मातीचा थर देण्यांत आला. तेहतीस वर्षें हें काम चाललें, आणि खर्च असा आला कीं दुसऱ्या कोणत्या देशाला तो झेपेल याची शंकाच आहे. चुना घालून मातीचा आंबटपणा कमी केला तर कॅडमियम कमी विरघळतें. तुसाची राख घालून सिलिकॉन पुरविलें तर सोमलाला दारांत गर्दी लागते. हे उपाय स्वस्त, पण अर्धेमुर्धे. जपानी संशोधकांनीं 'चोकोकोकु' नांवाचें कॅडमियम ओढणारें इंडिका भात मुद्दाम दूषित खाचरांत लावून, तें कापून बाहेर नेऊन, दोन हंगामांत मातींतलें कॅडमियम एकतृतीयांशाहून अधिक घटविलें. ज्या दोषामुळें तें भात खाण्याला नालायक, तोच दोष येथें कामास आला.

दुसरा मार्ग दारालाच कुलूप लावण्याचा. २०१२ सालीं त्सुकुबा येथें 'कोशिहिकारी' या लोकप्रिय भाताच्या बियांवर कार्बनच्या वेगवान कणांचा मारा करून हजारों रोपें वाढविलीं गेलीं. त्यांतून तीन रोपें अशीं निघालीं कीं त्यांच्या दाण्यांत कॅडमियम जवळजवळ नव्हतेंच. तपासलें तेव्हां तिन्हींचें मँगेनीजचें दार मोडलेलें आढळलें. या वाणांत कॅडमियमची भीति नसल्यामुळें खाचरांतलें पाणी सोमलाच्या हिशेबानें काढतां येतें, आणि पेंच सुटण्याची वाट दिसते. अकिता प्रांतांत जुन्या खाणींमुळें हा प्रश्न तीव्र आहे. तेथें कोशिहिकारीचा हा वाण आपल्या 'अकिताकोमाची' भाताशीं संकरून 'अकिताकोमाची आर' निघालें, आणि २०२५ पासून प्रांतानें सर्वत्र त्याचेंच बी देण्यास आरंभ केला. त्यावर वादहि झाले: किरणांच्या माऱ्यांतून निघालेलें धान्य खावें कीं न खावें, आणि शेतकऱ्याला जुनें बी ठेवण्याची मुभा असावी कीं नसावी. शेताच्या दृष्टीनें खरी अडचण निराळी आहे. दार मोडलें म्हणजे मँगेनीजहि कमी येतें. ज्या जमिनींत मुळांतच मँगेनीज थोडें, तेथें या भाताच्या पानांवर करपा लवकर पडतो, आणि तेथील शेतकऱ्याला मँगेनीजचें खत वेगळें घालावें लागतें.